हरितांची ओळख : बाह्यस्वरूप आणि अधिवास
(सोनपेठ परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात हरिता अर्थात मॉस या वनस्पतिवर्गाचा परिचय प्रामुख्याने फ्युनेरिया या एकाच प्रजातीच्या आधारे करून दिला जातो. त्यामुळे परिसरात आढळणाऱ्या कोणत्याही हरितेला तेच नाव देण्याकडे कल होतो. प्रस्तुत लेखात परभणी जिल्ह्यातील सोनपेठसारख्या मैदानी, काळ्या मातीच्या प्रदेशात हरितांची ओळख कशी करावी, अधिवासावरून कोणते अनुमान काढता येते, कोणती बाह्यलक्षणे निर्णायक ठरतात आणि नाव देताना कोठे थांबणे उचित ठरते, याचे विवेचन केले आहे. अधिवास शोधाची दिशा दाखवितो, परंतु निर्णय वनस्पतीच्या लक्षणांवरूनच करावा लागतो, हे या विवेचनाचे सूत्र आहे.

बीजसंज्ञा : हरिता, अधिवास, बाह्यलक्षणे, फ्युनेरिया, हायोफिला, क्षेत्रकुंजी, सोनपेठ.

प्रस्तावना

पावसाळ्याचे दोन-तीन आठवडे उलटले की जुन्या वाड्यांच्या भिंती, आडाचे कठडे, देवळाच्या जोत्याचे दगड आणि नळाच्या सांडपाण्याची कड हिरवी दिसू लागते. बोलीभाषेत या सर्व हिरवाईला 'शेवाळ' हा एकच शब्द आहे. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्याच हिरवाईचा मखमली भाग खरवडून आणला जातो आणि बहुधा 'फ्युनेरिया' अशी चिठ्ठी लावून बाटलीत ठेवला जातो. बोलीतील शब्द अतिव्यापक आहे, तर प्रयोगशाळेतील नाव अतिनेमके. दोन्ही ठिकाणी हातातील वनस्पती मात्र न पाहिलेली राहते.

हा प्रश्न केवळ प्रात्यक्षिक परीक्षेपुरता मर्यादित नाही. जैवविविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या यांची तरतूद झाली. अशा नोंदींसाठी गावपातळीवर महाविद्यालयांतील अध्यापकांचे साहाय्य घेतले जाते. एकदा नोंदवहीत गेलेले नाव पुढे प्रकल्प-अहवालात, प्रबंधात आणि जिल्ह्याच्या वनस्पतिसूचीत जाते व त्याची पुनर्तपासणी क्वचितच होते. नमुना जपून ठेवलेला नसेल, तर ती तपासणी करणेही शक्य राहत नाही. म्हणून जिल्ह्याच्या नोंदीत एखादी जाती 'आहे' असे लिहिण्यापूर्वी ती ओळखली कशी, हे सांगता आले पाहिजे.

महाराष्ट्रातील हरितांचा अभ्यास स्वाभाविकपणे पश्चिम घाटावर केंद्रित झाला. जी. टी. दाभाडे यांचा खंडाळा व महाबळेश्वर येथील हरितांवरील ग्रंथ (१९९८) हे त्याचे एक ठळक उदाहरण होय. घाटातील धुके, पर्जन्य आणि दाट वने या वनस्पतींना अनुकूल आहेत. गोदावरीच्या खोऱ्यातील परिस्थिती निराळी आहे. घाटातील अनुभव किंवा पाठ्यपुस्तकातील आकृती येथे जशीच्या तशी लावली असता चुका होणे अपरिहार्य आहे.

'शेवाळ' या शब्दाखालील भिन्न वनस्पती

ओळखीची पहिली पायरी म्हणजे समोरची वनस्पती हरिता आहे की नाही हे ठरविणे. दमट पृष्ठभागावर दिसणारी हिरवाई निदान चार प्रकारची असू शकते.

पहिला प्रकार शैवालांचा. यांना खोड वा पाने नसतात. बोटाने चोळले असता बुळबुळीत थर किंवा केसासारखे तंतू हाती लागतात. दुसरा प्रकार शैवाकांचा. कवक आणि शैवाल यांच्या सहजीवनातून शैवाक तयार होतात व त्यांचा रंग बहुधा राखाडी वा करडा असतो. महाराष्ट्रातील काळ्या व गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे शैवाकच होय, त्यास हरिता समजणे चुकीचे आहे. तिसरा प्रकार यकृतकांचा. त्यांतील रिक्सियासारख्या प्रजाती ओल्या मातीवर चपट्या, दुभंगत जाणाऱ्या गुलाबपाकळीसारख्या चकत्या करून पसरतात. काही यकृतकांना पानेही असतात, परंतु त्या पानांना मध्यशीर नसते आणि ती दोन वा तीन ओळींत लागलेली असतात. चौथा प्रकार हरितांचा. यांना लहानसे खोड असते, त्यावर बहुधा सर्व बाजूंनी मळसूत्राकार पाने असतात आणि बहुतेक जातींच्या पानांत मध्यशीर स्पष्ट दिसते.

यकृतका आणि हरिता यांतील संशय दूर करण्यास मूलाभ उपयोगी पडतात. मुळांप्रमाणे दिसणारे हे धागे यकृतकांत एकपेशीय असतात, तर हरितांत ते अनेकपेशीय असून त्यांतील आडपडदे तिरपे असतात. बीजुके धारण करणारे संपुट उपलब्ध असल्यास फरक अधिकच स्पष्ट होतो. बहुतेक हरितांचे संपुट झाकण गळून उघडते, यकृतकांचे बहुधा उभे फाटून उघडते.

व्यवहारातील 'मॉस' हा शब्दही सावधपणे घ्यावा लागतो. रोपवाटिकेत पेरू वा डाळिंबाची गुटी बांधताना ओलावा टिकविण्यासाठी जे वाळलेले मॉस वापरतात, ते स्फॅग्नम होय. त्याच्या पानांत जिवंत हिरव्या पेशींच्या जाळीमध्ये मोठ्या, मृत, पोकळ पेशी असतात व त्या पाणी साठवितात. ही वनस्पती थंड, दलदलीच्या प्रदेशातील आहे. बाजारातून आणलेला हा नमुना परिसरातील हरिता म्हणून नोंदविणे गैर ठरेल. 'रेनडिअर मॉस' हा शैवाक आहे, 'आयरिश मॉस' हे समुद्रशैवाल आहे आणि 'क्लब मॉस' ही नेचांच्या बाजूची, वाहिनीयुक्त वनस्पती आहे. नावात मॉस असल्याने वनस्पती मॉस ठरत नाही.

सोनपेठ परिसरातील अधिवास

जगात हरितांच्या सुमारे १२,००० जाती ज्ञात आहेत आणि भारतातील संख्या दीड हजाराहून अधिक आहे. एवढ्या संख्येतून एका नावापर्यंत पोहोचायचे असेल, तर प्रारंभी शोधाचे क्षेत्र मर्यादित करावे लागते. हे काम अधिवास करतो.

हरितांची पाने बहुधा एकाच पेशीच्या जाडीची असतात. पाणी मुळांवाटे न येता पानांच्या पृष्ठभागातूनच आत येते आणि तसेच बाहेर जाते. सभोवतालची हवा कोरडी झाली की वनस्पतीही कोरडी होते, तिचे व्यवहार थांबतात आणि पुन्हा पाणी मिळताच ते सुरू होतात. म्हणून हरितेच्या दृष्टीने वार्षिक पर्जन्यमानापेक्षा एखादा पृष्ठभाग दिवसातून किती वेळ ओला राहतो, ही बाब अधिक महत्त्वाची असते.

सोनपेठ तालुका गोदावरीच्या खोऱ्यात असून त्याच्या दक्षिणेस बालाघाटाच्या रांगा आहेत. या प्रदेशाचा पाया सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेल्या बेसाल्टचा आहे. त्यावरील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. शेतात ती नांगरटीने वारंवार उलटली जाते. ज्यांचे मूलाभ वरच्या थराला केवळ चिकटलेले असतात, अशा वनस्पतींना ही अस्थिर जमीन दीर्घकाळ आधार देऊ शकत नाही. त्यामुळे या भागात बहुवर्षायू हरितांचा शोध शेतापेक्षा स्थिर पृष्ठभागावर घेणे युक्त ठरते.

असे पृष्ठभाग येथे अनेक आहेत : विहिरींचे व आडांचे दगडी बांधकाम, चुन्याच्या दर्जा भरलेल्या जुन्या भिंती, विटांचे कुंपण, पाण्याच्या टाक्यांचे पाये, पुलांच्या कमानी. परभणी जिल्ह्यात चारठाणा व वालूर येथील बारवांसारखी जुनी दगडी बांधकामेही आहेत. चुन्यामुळे पृष्ठभाग अल्कधर्मी होतो व त्यावर वाढणाऱ्या हरितांचा एक विशिष्ट संच असतो. भिंतीची दिशाही महत्त्वाची आहे. सोनपेठ सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सप्टेंबरनंतर सूर्य दक्षिणेकडे कलत जातो आणि उत्तराभिमुख भिंतींवर थेट ऊन पडेनासे होते. पाऊस संपल्यावरही त्या अधिक काळ दमट राहतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हरिता पाहावयाच्या असल्यास प्रथम याच बाजू तपासाव्यात.

यांखेरीज अल्पकाळ टिकणाऱ्या जागांचा एक गट आहे. नदी-ओढ्याच्या काठचा ताजा गाळ, पाटाची कड, कुंडीतील माती, पाचट जाळलेल्या जागा, वीटभट्टीचा परिसर ही त्याची उदाहरणे होत. येथे थोड्या अवधीत वाढून बीजुके सोडणाऱ्या जाती येतात. भिंतीवरील हरिता आणि गाळावरील हरिता एकच असल्याचे गृहीत धरणे, हीच पहिली चूक होय.

बाह्यलक्षणांचा क्रम

अधिवासाची नोंद झाल्यावर नमुना भिंगाखाली घ्यावा. यासाठी दहापट मोठे दाखविणारे हातभिंग पुरेसे असते. पेशी पाहण्यास प्रयोगशाळेतील साधा सूक्ष्मदर्शक लागतो. निरीक्षणाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवल्यास लक्षणे निसटत नाहीत.

पहिले लक्षण वाढीची तऱ्हा. खोड उभे असून संपुटाची दांडी त्याच्या शेंड्यातून निघत असेल, तर ती अग्रफलधारी हरिता होय. खोड आडवे पसरून फांद्या फुटत असतील आणि दांड्या बाजूंनी निघत असतील, तर ती पार्श्वफलधारी होय. या एका निरीक्षणाने शोधाचे क्षेत्र मोठ्या प्रमाणात कमी होते.

दुसरे लक्षण पानांचे कोरड्या व ओल्या अवस्थेतील रूप. वनस्पती कोरडी असताना पाने पिळतात, नळीसारखी गुंडाळतात की खोडाला चिकटून बसतात, हे प्रथम लिहून घ्यावे. नंतर पाण्याचा एक थेंब टाकून पाने कशी व किती वेळात उलगडतात ते पाहावे. अनेकदा नमुना आणताच पाण्यात टाकला जातो आणि अर्धी माहिती तेथेच नाहीशी होते.

तिसरे लक्षण पान स्वतः. त्याचा आकार, कडा अखंड की दातेरी, मध्यशीर टोकापर्यंत जाते, मध्येच संपते की टोकाबाहेर येते, आणि पेशी मोठ्या व पारदर्शक आहेत की लहान, दाट व अपारदर्शक, हे पाहावे. पेशींच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म उंचवटेही काही कुलांत महत्त्वाचे असतात.

चौथे लक्षण बीजुकधारी पिढीचे. हरितेची हिरवी, पानांची वनस्पती ही गंतुकधारी पिढी असते, तिच्यावर दांडी व संपुट यांची बीजुकधारी पिढी वाढते. संपुट उभे की झुकलेले, सममित की एका बाजूस फुगीर, त्याचे मुख सरळ की तिरपे आणि मुखाभोवती परिमुखदंतांची झालर आहे की नाही, हे पाहावे. या दातांचे वर्गीकरणातील महत्त्व योहान हेडविग (१७३०–१७९९) या शास्त्रज्ञाने ओळखले. त्याच्या निधनानंतर १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ, स्फॅग्नमचे कुल वगळता, हरितांच्या नामकरणाचा अधिकृत प्रारंभबिंदू मानला जातो.

पाचवे लक्षण मुकुलिका. काही जातींत पानांच्या बगलेत अनेकपेशीय सूक्ष्म कण तयार होतात व त्यांपासून लैंगिक प्रजननाविना नवी वनस्पती वाढते. संपुट नसलेल्या नमुन्यात ही लक्षणे फार साहाय्यभूत ठरतात.

फ्युनेरिया : नावाप्रमाणे रूप

फ्युनेरिया हायग्रोमेट्रिका ही जगाच्या बहुतेक भागांत आढळणारी जाती आहे. प्रजातीचे नाव 'दोर' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आले असून जातिवाचक नावाचा अर्थ 'आर्द्रता मोजणारी' असा आहे. तिची दोन ते पाच सेंटिमीटर लांबीची दांडी वाळताना दोरासारखी पिळते आणि ओली होताच उलट दिशेने फिरते. हे साध्या डोळ्यांनी दिसते व वर्गात दाखविण्यास सोपे आहे.

तिचे खोड जेमतेम एक सेंटिमीटरपर्यंत असते. वरची पाने रुंद, अंतर्वक्र व एकमेकांवर दाटलेली असून सर्व मिळून लहान कांद्याच्या गड्ड्यासारखी दिसतात. पेशी मोठ्या व पातळ भिंतींच्या असल्याने पान पारदर्शक वाटते आणि हरितकण सहज दिसतात. संपुट नासपतीच्या आकाराचे, एका बाजूस फुगीर आणि खाली झुकलेले असते. मुख तिरपे असते. वाळल्यावर संपुटावर उभ्या खोल रेषा उमटतात. परिमुखदंत दोन वर्तुळांत, प्रत्येकी सोळा असतात. बाहेरील दात तिरपे वळून टोकांशी एका बारीक चकतीत जोडलेले असतात. हवेतील आर्द्रतेनुसार या दातांची हालचाल होते आणि त्यांमधील फटींतून बीजुके थोडी थोडी बाहेर पडतात.

तिचा अधिवासही वैशिष्ट्यपूर्ण आहे. उघडी, विशेषतः जळालेली वा नुकतीच उकरलेली माती तिला मानवते. आगीमुळे मातीत खनिज पोषकद्रव्ये मोकळी होतात आणि स्पर्धक वनस्पती नाहीशा होतात. अशा जागी ती लवकर येते व इतर वनस्पती वाढू लागल्या की मागे हटते. सोनपेठ परिसरात तिचा शोध घ्यावयाचा असल्यास आडाच्या कठड्याऐवजी जळक्या मातीच्या कडा व कुंड्या पाहणे तर्कसंगत आहे.

भिंतीवरील हरिता : एक उदाहरण

समजा, सोनपेठमधील एखाद्या जुन्या आडाच्या उत्तराभिमुख दगडावरून ऑक्टोबर महिन्यात हरितेचा एक झुबका घेतला. तो गडद हिरवा, सुमारे एक सेंटिमीटर उंचीचा आहे. त्यावर एकही संपुट नाही. 'फ्युनेरिया, संपुटरहित' अशी चिठ्ठी लावण्याचा मोह येथेच होतो.

आता क्रमाने पाहावे. खोड उभे आहे, अर्थात अग्रफलधारी असण्याची शक्यता अधिक. कोरड्या अवस्थेत पानांच्या दोन्ही कडा आत वळून प्रत्येक पान बारीक नळीसारखे झाले आहे. थेंबभर पाणी पडताच पाने उलगडून चांदणीसारखी पसरतात. पान चमच्यासारखे, टोकाकडे रुंद आहे आणि टोकाशी अनियमित दात आहेत. मध्यशीर जाड असून टोकापर्यंत जाते. सूक्ष्मदर्शकाखाली पानाच्या वरच्या भागातील पेशी लहान, चौकोनी-गोलसर व दाट दिसतात, तळाच्या पेशी मात्र लांबट व पारदर्शक आहेत. पानांच्या बगलेत चांदणीच्या आकाराच्या मुकुलिका आढळतात.

यांतील निर्णायक लक्षणे फ्युनेरियाची नाहीत. तिची पाने नळीसारखी गुंडाळत नाहीत, पेशी लहान नसतात आणि टोकाशी असे दात नसतात. हा लक्षणसमूह हायोफिला इन्व्हॉल्यूटा या जातीकडे निर्देश करतो. 'इन्व्हॉल्यूटा' म्हणजे आत गुंडाळलेली. भारतात दगड, विटा व चुन्याच्या ओल्या भिंतींवर ही जाती विस्तृत प्रमाणात आढळते. पुढे संपुट मिळाल्यास ते उभे, दंडगोलाकार व परिमुखदंतविरहित असले पाहिजे. तसे आढळल्यास ओळख पक्की होते.

तथापि भिंतीवर आढळली म्हणून ती हायोफिलाच, असेही म्हणता येत नाही. बार्बुला इंडिका ही त्याच कुलातील जाती अशाच भिंतींवर वाढते व तिलाही बगलेत मुकुलिका असतात. तिची पाने अधिक अरुंद, कडा अखंड आणि कोरड्या अवस्थेत पान पिळलेले असते. मुकुलिका चांदणीसारख्या नसून गोलसर असतात. 'बार्बुला' म्हणजे छोटी दाढी. तिचे परिमुखदंत लांब, केसासारखे व पिळदार असल्याने हे नाव पडले. एकाच दगडावर दोन्ही जाती शेजारी असू शकतात. अधिवास दोहोंचा सारखा, निर्णय मात्र पानाचा.

मैदानी भागासाठी संक्षिप्त क्षेत्रकुंजी

पुढील कुंजी अग्रफलधारी, सहज दिसणाऱ्या काही हरितांपुरती मर्यादित आहे. ती प्राथमिक निवडीसाठी आहे, अंतिम निर्णयासाठी प्रमाणग्रंथ व संग्रहालयातील नमुने यांच्याशी तुलना आवश्यक आहे.

१. पाने दोन समोरासमोरच्या ओळींत, वनस्पती पिसासारखी चपटी, पानाचा तळ दुभंगून खोडास व वरच्या पानास कवेत घेणारा – फिसिडेन्स.
१अ. पाने सर्व बाजूंनी – पाहा २.

२. पाने एकमेकांवर घट्ट बसलेली, पानाचा वरचा भाग हरितद्रव्यरहित, त्यामुळे झुबका रुपेरी – ब्रायम अर्जेंटियम.
२अ. झुबका रुपेरी नाही – पाहा ३.

३. पानाच्या पेशी मोठ्या, पातळ भिंतींच्या, पान पारदर्शक – पाहा ४.
३अ. वरच्या भागातील पेशी लहान, दाट, पान अपारदर्शक – पाहा ५.

४. संपुट असममित, झुकलेले, मुख तिरपे, दंत दोन वर्तुळांत – फ्युनेरिया.
४अ. संपुट सममित, उभे, फुगीर कलशासारखे, दंतविरहित – फिस्कोमिट्रियम.
४आ. संपुट सममित, खाली लोंबणारे, मुख सरळ, दंत दोन वर्तुळांत – ब्रायमच्या अन्य जाती.

५. कोरडी पाने नळीसारखी, टोकाशी दात, संपुट दंतविरहित – हायोफिला.
५अ. कोरडी पाने पिळलेली, कडा अखंड, दंत लांब व पिळदार – बार्बुला.

कुंजीतील चौथी पायरी संपुटाविना ओलांडता येत नाही, हे लक्षणीय आहे. फ्युनेरिया व फिस्कोमिट्रियम एकाच कुलातील असून केवळ पानांवरून त्यांतील भेद करणे कठीण असते. ओल्या गाळावरील संपुटरहित रोपट्यांना फ्युनेरिया म्हणणे त्यामुळे आधारहीन ठरते.

वनातील हरितांकडे जाताना

सोनपेठ परिसरात दाट वन नाही. जिंतूरकडील टेकड्या किंवा नांदेड जिल्ह्यातील किनवटची सागवने येथे शैक्षणिक सहल गेली असता निरीक्षणाचा परीघ विस्तारतो. वनात झाडाची साल, कुजणारे लाकूड, सावलीतील खडक व ओढ्याची कड असे सूक्ष्म अधिवास जवळजवळ असतात. आडव्या पसरणाऱ्या पार्श्वफलधारी हरिता येथे पाहावयास मिळण्याची शक्यता वाढते. अशा ठिकाणी 'जंगलात मिळाली' एवढी नोंद निरुपयोगी आहे. सालीवर की खडकावर, जमिनीपासून किती उंचीवर, खोडाच्या कोणत्या बाजूस, हे लिहिले पाहिजे.

मात्र येथेही नाव व अधिवास यांचे समीकरण मांडू नये. अर्पोडियम मँजिफेरी या सालीवर चिकटून वाढणाऱ्या सूक्ष्म हरितेच्या नावात आंबा आहे, परंतु तिची वाढ आंब्यापुरती मर्यादित नाही. आंब्याच्या सालीवरील प्रत्येक हरिता हीच असेल, असेही नाही. या जातीच्या पानांना मध्यशीर नसते. ती आहे की नाही हे पाहण्यास भिंग लागते, झाडाचे नाव पुरत नाही.

नाव देताना कोठे थांबावे

ओळख ही पायऱ्यांची प्रक्रिया आहे. वर्ग, कुल, प्रजाती, जाती यांपैकी ज्या पायरीपर्यंत लक्षणे नेतात, तेथे थांबणे हाच शास्त्रीय व्यवहार होय. फिसिडेन्स प्रजाती वनस्पतीच्या केवळ रूपावरून ओळखता येते. परंतु तिच्या जाती ठरविण्यासाठी पानाच्या कडेवर लांबट पेशींची किनार आहे की नाही, ती कोणत्या भागावर आहे, पेशींवर उंचवटे आहेत काय, अशी लक्षणे तपासावी लागतात. ती न पाहता 'फिसिडेन्स, जाती अनिश्चित' अशी नोंद करणे हे अपुरेपणाचे लक्षण नाही. चुकीच्या पूर्ण नावापेक्षा बरोबर असलेले अर्धे नाव पुढील अभ्यासकास अधिक उपयोगी असते, कारण अर्धे नाव तपासणीस प्रवृत्त करते, तर पूर्ण नाव तपासणी थांबविते.

नावेही स्थिर नसतात. प्रयोगशाळांत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या फिस्कोमिट्रेला पेटन्स या हरितेचा जनुकसंच २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढील अभ्यासांनंतर तिला फिस्कोमिट्रियम प्रजातीत समाविष्ट करण्यात आले. नाव बदलले तरी नमुना जपलेला असेल, तर जुन्या नोंदीचे मूल्य टिकून राहते.

नमुना व नोंद

हरितांचा संग्रह करणे अल्पखर्चाचे आहे. झुबक्याचा रुपयाच्या नाण्याएवढा भाग चाकूने अलगद सोडवावा व उर्वरित वाढ तशीच राहू द्यावी. कोरीव शिल्पे व जुनी दगडी बांधकामे खरवडू नयेत, तेथे छायाचित्र व जोत्याभोवती सुट्या पडलेल्या दगडावरील नमुना पुरेसा ठरतो. नमुना सावलीत वाळवून कागदाच्या घडीच्या पाकिटात ठेवावा. फुलझाडांप्रमाणे तो दाबण्याची वा रसायनात बुडविण्याची आवश्यकता नाही. अनेक वर्षांनंतरही पाण्याच्या थेंबाने पाने मूळ आकारात उलगडतात व तपासता येतात.

पाकिटावर गाव, तालुका, नेमके स्थान, दिनांक, पृष्ठभाग, दिशा, ओलावा, कोरड्या अवस्थेतील रूप, संपुटांची उपस्थिती, संग्राहकाचे नाव व अनुक्रमांक लिहावा. ओळख कोणी, कोणत्या लक्षणांवरून व कोणत्या ग्रंथाच्या साहाय्याने केली, याचीही एक ओळ असावी. तुलनेसाठी एच. सी. गांगुली यांचा पूर्व भारतातील हरितांवरील बृहद्‌ग्रंथ (१९६९–१९८०) आजही आधारभूत मानला जातो. यकृतकांसाठी शिवराम कश्यप यांचे १९२९ व १९३२ मधील ग्रंथ या अभ्यासाचा भारतीय पाया होत. पुणे येथील भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागीय केंद्रासारख्या ठिकाणी तज्ज्ञांचे मत घेता येते. मात्र तज्ज्ञाकडे पाठविण्यासाठी योग्य नोंदींसह ठेवलेला नमुना हाती असावा लागतो.

समारोप

हरितांच्या ओळखीत अधिवास व बाह्यलक्षणे परस्परपूरक आहेत, परंतु समान अधिकाराची नाहीत. अधिवास शक्यता सुचवितो, लक्षणे त्या शक्यता स्वीकारतात वा नाकारतात. पाठ्यपुस्तकातील फ्युनेरिया हे हरिता वर्गाची रचना समजून घेण्याचे उत्तम उदाहरण आहे, ते परिसरातील प्रत्येक हरितेचे नाव नव्हे. सोनपेठसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयाने आपल्याच गावातील आड, भिंती व ओढ्याचे काठ यांवरील पंचवीस पाकिटे पूर्ण नोंदींसह जतन केली, तर विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकासाठी घाटातून नमुने मागविण्याची गरज उरणार नाही आणि जिल्ह्याच्या जैवविविधतेच्या नोंदीत पडताळून पाहता येईल अशी भर पडेल. त्या पंचवीसांपैकी दहांवर 'जाती अनिश्चित' असे लिहिलेले असले, तरी तो संग्रह विश्वसनीयच ठरेल.